हीटर प्लग: आधी तपासा, मग बदला, आणि सोडवताना घाई करू नका

कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा किती उतरला हे पेपरात छापून आलं, की त्या आठवड्यात निफाडहून मामांचा फोन ठरलेला. "गाडी स्टार्ट घेत नाहीये रे. हीटर गेले वाटतं, चारही घेऊन ये." मामांकडे टोयोटाची जुनी क्वालिस आहे, डिझेल. दोनदा मी खरंच चार प्लग घेऊन गेलो. एकदा प्लग ठणठणीत निघाले आणि रिलेचे (प्लगचा करंट चालू-बंद करणाऱ्या स्विचचे) पॉइंट जळालेले होते. दुसऱ्यांदा एकच प्लग मेला होता. तेव्हापासून मी आधी मीटर घेऊन जातो, प्लग नंतर.

पुस्तकात ग्लो प्लग म्हणतात, गॅरेजमध्ये हीटर प्लग किंवा नुसतं हीटर. ज्यांनी हे काम कधी केलं नाही त्यांच्यासाठी हा लेख आहे. उदाहरण क्वालिसचं घेतलंय, कारण तीच माझ्या हाताखालून गेली. जिथे इतर गाड्यांचं वेगळं आहे तिथे सांगेनच.

प्लग नेमकं करतो काय

डिझेल इंजिनात ठिणगी नसते. पिस्टन हवा दाबतो, दाबाने हवा तापते आणि त्या तापलेल्या हवेत डिझेलचा फवारा गेला की भडका उडतो. क्वालिसच्या २,४४६ सीसीच्या इंजिनात हवा जवळजवळ २२ पट दाबली जाते, म्हणजे ताप भरपूर. पण पहाटे पाच-सहा अंशांत सगळं लोखंड गार असतं, बॅटरी सुस्तावलेली असल्यामुळे सेल्फही हळू फिरतो आणि हवेतली धग भिंतीच पिऊन टाकतात. क्वालिस, जुनी इंडिका, जुनी सुमो अशा इंजिनांत तर नोझल डिझेल थेट पिस्टनवर सोडत नाही, हेडमधल्या (सिलिंडरवरच्या जड झाकणातल्या) एका छोट्या कोठडीत सोडतं. कोठडी लहान, भिंती चहूबाजूंनी, त्यामुळे धग आणखी लवकर जाते. म्हणून त्या कोठडीत पेन्सिलीएवढ्या जाडीचं एक लाल टोक ठेवलेलं असतं. तो हा प्लग.

कॉमन रेल इंजिनात (नव्या डिझेल गाड्यांतलं, जिथे सगळ्या नोझलना एकाच दाबाच्या पाइपातून डिझेल मिळतं) फवारा थेट सिलिंडरमध्ये जातो. तिथे आपल्याकडच्या हवेत प्लगशिवायही गाडी बऱ्याचदा चालू होते. चालू झाल्यावरही प्लग काही वेळ, काही गाड्यांत तीन मिनिटांपर्यंत, तापत राहतात ते धूर आणि खडखड कमी करायला. त्यामुळे रत्नागिरीतल्या कॉमन रेल गाडीचे दोन प्लग मेले तरी मालकाला वर्षभर पत्ता लागत नाही, आणि जानेवारीत महाबळेश्वरला मुक्काम केला की सकाळी हॉटेलच्या पार्किंगमध्ये लागतो. मोठ्या ट्रकच्या आणि ट्रॅक्टरच्या बऱ्याच इंजिनांत हे प्लग नसतातच, तिथे शोधत बसू नका.

दोष प्लगचाच आहे का

गार इंजिनावर सेल्फ बराच वेळ मारावा लागतो, मग एक-दोन सिलिंडर पेटतात, गाडी थरथरते, मागून पांढरा धूर येतो आणि त्याला कच्च्या डिझेलचा वास असतो. मिनिटभराने उरलेले सिलिंडर पकडतात, धूर विरतो आणि दिवसभर गाडी एका हाकेत चालू होते. असं असेल तर संशय प्लगवर घ्यायला हरकत नाही.

सेल्फ मारताना मागून अजिबात धूर येत नसेल, तर डिझेलच पोचत नाहीये. पाइपात हवा अडकली (एअर धरली) असेल, फिल्टर तुंबला असेल, पंपातलं डिझेल चालू-बंद करणारा सोलेनॉइड गेला असेल. प्लग बदलून काही होणार नाही. एवढी एक खूण लक्षात ठेवली तरी निम्मे फुकटचे खर्च टळतात. गरम इंजिनही स्टार्ट घेत नसेल तर तो प्लगचा आजार नव्हे. पांढरा धूर इंजिन तापल्यावरही थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केटकडे बघा.

डॅशबोर्डवरच्या स्प्रिंगच्या वेटोळ्यासारख्या पिवळ्या दिव्यावर फार विश्वास ठेवू नका. जुन्या गाड्यांत तो टायमरवर लागतो आणि विझतो. चारही प्लग मेलेले असले तरी तो रोज सकाळी इमानदारीत लागतो. कॉमन रेल गाड्या मात्र बोलतात: स्कॅनरवर पी ०६७१ ते पी ०६७४ यातला कोड आला, तर शेवटचा आकडा म्हणजे सिलिंडरचा नंबर. पी ०३८० आला तर वायर, रिले किंवा कंट्रोलरपासून सुरुवात करा.

आणखी एक. स्टार्ट घेत नाही म्हणून पेटता बोळा एअर क्लीनरपाशी धरणारे लोक मी पाहिलेत, ईथरचा स्प्रे मारणारेही. लाल प्लग असलेल्या इंजिनात ईथर गेला तर तो पिस्टन वर यायच्या आधीच पेटतो. पिस्टनची कड, रिंग, जे तुटेल ते तुमचं.

काय काय लागेल

साधा डिजिटल मल्टीमीटर, एक टेस्ट लॅम्प (२१ वॅटचा इंडिकेटरचा बल्ब आणि दोन वायरी, घरी होतो), रॅचेट, एक्स्टेन्शन आणि लांब गोटी (सॉकेट). क्वालिसला १२ ची गोटी लागते, इतर गाड्यांना ८, १० किंवा १२ ची. गंज सोडवणारा स्प्रे, दात घासायचा जुना ब्रश, पॉलिश पेपर आणि दोन वीत लांबीची रबरी नळी, जी प्लगच्या वरच्या टोकावर घट्ट बसेल अशी. आणि आवळायला कमी मापाचा टॉर्क पाना (ठरलेल्या जोरावर आवळणारा), ५ ते २५ न्यूटन मीटरचा. चाकांचे नट आवळायचा मोठा टॉर्क पाना इथे चालत नाही, त्याची सुरुवातच आपल्या शेवटाच्या पुढे होते. विकत घ्यायचा नसेल तर उसना आणा, पण आणा.

तपासणी, प्लग न सोडवता

बॅटरीपासून सुरू करा. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास हवी. १२.२ म्हणजे अर्धी. अशा बॅटरीवर प्लगही नीट तापत नाहीत आणि सेल्फही फिरत नाही, मग दोष उगाच प्लगवर जातो.

नंतर प्लगपर्यंत करंट येतोय का ते बघा. डिझेलचे चार लोखंडी पाइप जिथे हेडवर संपतात, तिथे जवळच प्लगची टोकं दिसतात. क्वालिसमध्ये ती चारही एका धातूच्या पट्टीने जोडलेली आहेत, वर रबरी टोप्या असतात. मीटर डीसी व्होल्टवर, लाल टोक पट्टीवर, काळं बॅटरीच्या निगेटिव्हवर. इंजिन गार असताना कुणाला तरी चावी ऑन करायला सांगा. पट्टीवरचा आकडा आणि त्याच क्षणी बॅटरीवरचा आकडा यात एका व्होल्टपेक्षा जास्त फरक नको. पट्टीवर काहीच आलं नाही तर फ्यूज, रिले, टायमर. बॅटरीवर १२ आणि पट्टीवर ९ दिसले तर रिलेचे पॉइंट किंवा वायरीचा जोड जळालाय. मामांच्या गाडीला हेच झालं होतं, रिले 'टक्' वाजत होता म्हणून कुणी त्याच्याकडे बघितलंच नव्हतं. इंजिन गरम असताना ही तपासणी करू नका, बऱ्याच गाड्या तेव्हा प्लगला करंट क्षणभरच देतात किंवा देतच नाहीत.

आता प्रत्येक प्लग वेगळा. चावी बंद करा, बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि पट्टीचे चारही छोटे नट सोडवून पट्टी उचला. पट्टी काढल्याशिवाय मोजलं तर चारही प्लग एकमेकांना जोडलेले असतात आणि एक जिवंत प्लग तीन मेलेल्यांना झाकून घेतो. नवशिक्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. नट गंजलेला असेल तर आधी स्प्रे मारून थांबा, जोर लावला तर नटाबरोबर प्लगची मधली दांडीच फिरते आणि चांगला प्लग हकनाक जातो.

मीटर ओहमवर, सगळ्यात खालच्या रेंजवर. आधी मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवा, ०.२ किंवा ०.३ असं काहीतरी दिसेल. तो वायरींचा आकडा, पुढे प्रत्येक मापातून वजा करायचा. मग लाल टोक प्लगच्या दांडीवर आणि काळं हेडच्या उघड्या, खरवडलेल्या धातूवर. चांगला प्लग साधारण अर्धा ते दीड ओहम दाखवतो. मामांच्या गाडीचे तीन प्लग वजाबाकीनंतर ०.८, ०.९ आणि ०.८ आले, तिसऱ्या सिलिंडरचा मीटरने 'ओएल' (मापाच्या पलीकडे) दाखवला. म्हणजे आतली तार तुटली, विषय संपला. तीन-चार ओहम किंवा त्यापुढे आला तरी तो प्लग कामातून गेला समजा. पण स्वस्त मीटरच्या ०.७ आणि ०.९ मधल्या फरकावरून प्लगना नावं ठेवू नका, तेवढी त्या मीटरची लायकी नसते.

मीटर नसेल तर टेस्ट लॅम्प. निगेटिव्ह सुटलेलीच राहू द्या, एक जाड वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीपासून हेडला लावा. मग लॅम्पचं एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरं प्लगच्या दांडीवर टेकवा. बल्ब पेटला तर तार शाबूत, नाही पेटला तर प्लग मेला. किती तापतो हे यातून कळत नाही, जिवंत की मेला एवढंच.

क्लॅम्प मीटर असेल तर काहीच सोडवायची गरज नाही, पण तो डीसी अँपिअर मोजणारा हवा. इलेक्ट्रिकच्या दुकानात मिळणारे स्वस्त क्लॅम्प बहुधा फक्त एसी मोजतात आणि गाडीवर शून्य दाखवतात. १२ व्होल्टचा एक प्लग सुरुवातीला १५-२० अँपिअर ओढतो आणि तापला की ८ ते १२ वर स्थिरावतो. प्लगना जाणाऱ्या जाड वायरीभोवती क्लॅम्प लावा, चौघांचे मिळून ३५ ते ५० वर स्थिरावले तर ठीक. त्याच्या पाऊणपट आले तर एक गेला, निम्मे आले तर दोन.

सोडवणं

प्लग काही शे रुपयांना मिळतो. हेड उतरवायचं म्हटलं की आकडा हजारांत जातो, आणि हेड उतरवायची वेळ येते ती प्लग सोडवताना केलेल्या घाईने. माझ्या पहिल्या इंडिकाच्या वेळी एका गॅरेजमध्ये पोराने गार इंजिनावर लांब दांडी लावून प्लगला एकच हिसका दिला होता. वरचा षटकोन गोटीत आला, खालचा भाग हेडमध्ये राहिला. तो 'कट्' आवाज अजून कानात आहे.

म्हणून आदल्या दोन दिवशी, रोज संध्याकाळी, प्लगच्या बुडाशी थोडा थोडा स्प्रे मारून ठेवा. त्याआधी बूड ब्रशने घासून, हवा मारून साफ करा, नाहीतर प्लग निघाला की भोकाभोवतीची वाळू थेट कोठडीत. कामाच्या दिवशी गाडी दहा-पंधरा किलोमीटर फिरवून आणा. इंजिन गरमच हवं. हातमोजे घाला. कॉमन रेल गाडी असेल तर जागा होत नाही म्हणून डिझेलचे पाइप सैल करू नका, त्यांत हजार बारच्या पुढचा दाब असतो.

गोटी सरळ, पूर्ण खोल बसवा. वाकडी गोटी म्हणजे तुटका प्लग. पाव फेरा सोडवा, किंचित परत आवळा, स्प्रेचे दोन थेंब, पुन्हा पाव फेरा. कर्र आवाज येत असेल तर थांबा, तो कार्बन आहे. सोडवताना किती जोर लावायचा यालाही मर्यादा आहे: ८ मिमी आट्यांच्या प्लगला २० न्यूटन मीटर, ९ मिमीला २२, १० मिमीला ३५ आणि १२ मिमीला ४५ (२५ च्या पुढे मोजायला मात्र मोठा टॉर्क पाना लागेल). पाना एवढ्यावर पोचला आणि प्लग हलला नाही, तर तिथेच हात काढा. इंजिन पुन्हा गरम करा, पुन्हा स्प्रे, पुन्हा प्रयत्न. प्लग जिवंत असेल आणि त्याच्या अंगावर ११ किंवा १२ व्होल्ट कोरलेलं असेल, तर आधीसारखी हेडला जाड वायर देऊन बॅटरीवरून त्या एकट्या प्लगला चार-पाच मिनिटं करंट द्या. टोक लाल होऊन भोवतालचा कार्बन जाळतं आणि प्लग सुटतो. मेलेल्या प्लगला ही युक्ती चालत नाही, त्याला नुसता धीर.

एवढं करूनही तुटलाच, तर इंजिन एकदाही फिरवू नका. मार्गदर्शक नळीसह ड्रिल करून उरलेला भाग काढायचे खास किट असतात, ते ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे गाडी टोचनाने न्या. घरच्या ड्रिलने प्रयोग नको.

निघालेल्या प्लगचं टोक वाचा

निघाला की लगेच पुसू नका, ओळीने कागदावर ठेवा, सिलिंडर नंबर लिहून. नुसती काळी काजळी असेल तर ठीक. टोक फुगलेलं असेल तर प्लगला गरजेपेक्षा जास्त वेळ किंवा जास्त व्होल्टेज मिळालंय, रिले चिकटलाय का ते बघा. असा फुगलेला प्लग भोकातून वर येत नाही, आट्यांतून सुटूनही अडतो. तेव्हा पकडीने ओढाताण केलीत तर टोक आत पडेल. टोक वितळलेलं किंवा एका बाजूने खाल्लेलं असेल तर त्याच सिलिंडरचं नोझल थेंब टाकतंय किंवा डिझेल फवारायचं टायमिंग पुढे गेलंय. तिथे नुसता नवा प्लग लावलात तर तोही तसाच खाल्ला जाईल, नोझल आधी तपासून घ्या. टोक ऑइलने ओलं असेल तर रिंगांकडे किंवा व्हॉल्व्हच्या सीलकडे मोर्चा वळवा.

बाहेर काढलेला प्लग प्रत्यक्ष तापवूनही बघता येतो. व्हाइसमध्ये धरा, बॅटरीची निगेटिव्ह अंगाला, पॉझिटिव्ह जाड वायरीने दांडीला, दहाएक सेकंद. डोळ्यांना चष्मा असू द्या. लाली आधी अगदी टोकाला यायला हवी आणि मग वर सरकायला हवी. मधला भाग आधी लाल झाला किंवा टोक काळंच राहिलं, तर मीटर काहीही म्हणो, प्लग बाद. करंट काढल्यावर प्लगची लाली जाते, चटका जात नाही. ही चाचणी फक्त ११-१२ व्होल्टच्या प्लगवर. नव्या गाड्यांतले ४.४, ५ किंवा ७ व्होल्टचे आणि सिरॅमिकचे प्लग थेट बॅटरीला लावले तर क्षणात जळतात. सिरॅमिकचा प्लग तर हातातून फरशीवर पडला तरी लावू नका, बारीक तडा डोळ्याला दिसत नाही आणि तुकडा सिलिंडरमध्ये जातो.

नवे बसवणं

चारही बदलायचे की मेलेला एकच? चारही एकाच वयाचे आणि जुने असतील आणि एक गेला असेल, तर मी चारही बदलतो. मामांच्या गाडीचे दोन वर्षांपूर्वीच बदललेले होते, तिथे एकच बदलला.

नवा प्लग जुन्याशेजारी ठेवून बघा: लांबी, आट्यांचं माप, खालचा निमुळता टप्पा आणि अंगावरचं व्होल्टेज. दिसायला सारखा म्हणून दुकानदाराने दिलेला प्लग दोन मिलिमीटर लांब असला तरी घात होतो. भोकातले आटे ब्रशने साफ करा. आत कार्बन दाटलेला असेल तर ग्रीस लावलेल्या रीमरने (भोक खरवडायच्या धारदार दांड्याने) हळू काढा, म्हणजे कचरा ग्रीसला चिकटून बाहेर येतो. आट्यांवर अँटीसीझचा (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायच्या पेस्टचा) अगदी पातळ हात फिरवा. टोकाला आणि निमुळत्या टप्प्याला लावू नका, प्लगचं अर्थिंग तिथूनच होतं.

आता ती रबरी नळी. प्लगच्या दांडीवर खोचा आणि नळी बोटांनी फिरवत प्लग भोकात उतरवा. आटे तिरके पकडले तर नळी नुसती गुळगुळीत फिरते, नुकसान होत नाही. पाना लावून सुरुवात केली असती तर हेडचे आटे गेले असते. पूर्ण बसेपर्यंत हातानेच. मग टॉर्क पाना: क्वालिसला १३ न्यूटन मीटर. इतरत्र ८ मिमीला ८ ते १०, १० मिमीला १२ ते १८, १२ मिमीला २० ते २५, पण तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधला आकडा तो खरा. १३ म्हणजे किती? वीतभर, २० सेंटिमीटरच्या पान्यावर साडेसहा किलोची ओढ. सवयीच्या हाताला हे फारच सैल वाटतं. तसंच वाटू द्या.

पट्टी पॉलिश पेपरने चकचकीत करा, जिथे ती प्लगला टेकते तिथे तर नक्कीच. छोटे नट बोटांनी आवळून वर जेमतेम पाव फेरा. टोप्या परत लावा, बॅटरी जोडा, पट्टीवरचं व्होल्टेज पुन्हा एकदा बघा. कॉमन रेल असेल तर स्कॅनरने कोड पुसून घ्या.

गाडी लगेच चालू झाली म्हणून खूश होऊ नका, इंजिन अजून गरम आहे. खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे. त्या वेळी मी मुद्दाम निफाडला मुक्काम केला. साडेपाचला मामा कानटोपी घालून गाडीत बसले, दिवा विझेपर्यंत थांबले आणि सेल्फ मारला. दुसऱ्या फेऱ्याला इंजिन पकडलं, मागे थोडासा पांढरा भपका, मग साफ. मामी ओट्यावरून म्हणाल्या, "आता रोज पहाटे शेजाऱ्यांना उठवू नका म्हणजे झालं." काढलेला प्लग मामांनी डॅशबोर्डच्या कप्प्यात टाकला. मी तो काढून भंगारात टाकला, कारण पुढच्या थंडीत तोच कुणीतरी 'स्पेअर' म्हणून लावला असता.